तीन रेघांची रेकॉर्ड

दुसऱ्याचं वाजवायचं, एवढंच मला येतं. स्वतःचं म्हणून मी कधी काही बोललो नाही. पण आता सुई मोडली, पट्टा तुटला, वाजवण्यासारखं काही राहिलं नाही, तेव्हा म्हटलं आपलंच सांगून टाकू. मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर. लातुरातल्या एका भंगाराच्या दुकानात, गंजलेल्या कूलरच्या शेजारी माझा मुक्काम आहे. दुकानदार माझ्या झाकणावर चहाचा कप ठेवतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते सिकंदराबाद. तिथल्या अधिकाऱ्यांच्या एका मेसमध्ये संध्याकाळी साहेब लोक जोडीजोडीने नाचायचे आणि माझ्यापाशी वीरण्णा उभा असायचा. वीरण्णा मूळचा उदगीरकडचा. पोटासाठी तिकडे गेला, आधी ग्लास धुतले, मग माझ्या कामाला लागला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून रेकॉर्डवरची नावं त्याच्या उपयोगाची नव्हती. त्याने आपली रीत काढली. रेकॉर्ड ऐकायची, पायाने ठेका धरायचा आणि पाकिटावर चुन्याने रेघ ओढायची. एक रेघ म्हणजे संथ, तीन मात्रांचा वॉल्झ. दोन रेघा म्हणजे मध्यम चाल. तीन रेघा म्हणजे क्विकस्टेप, ते तरण्या पायांचं काम.

नाचासाठी रेकॉर्ड निवडायची म्हणजे गोड गाणं निवडायचं, असं लोकांना वाटतं. वीरण्णा हसायचा. गाणं गोड असलं की माणसं ऐकत उभी राहतात, नाचत नाहीत. सुरुवातीचा आलाप लांबला की पहिलं पाऊल कधी टाकायचं ते कळत नाही. सिनेमातल्या गाण्यांची चाल मध्येच बदलते आणि जोड्या एकमेकींवर आपटतात. त्याला हवा असायचा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा ठेका. आणि त्याचा एक नियम होता. रेकॉर्ड लावण्याआधी तो फरशीकडे बघायचा. सगळ्यांत छान नाचणाऱ्या जोडीकडे नाही, सगळ्यांत कच्च्या जोडीकडे. “चांगले काय, कशावरबी नाचतेत,” तो म्हणायचा. “पडणाऱ्याला बघून लावावं.”

पुढे मेस बंद पडली. लातूर जिल्हा झाला, नवी ऑफिसं आली, नवे साहेब आले आणि संध्याकाळी त्यांनी जायचं कुठे म्हणून क्लब निघाला. क्लबचे सेक्रेटरी वसंतराव, बांधकामाचे मोठे कंत्राटदार. हैदराबादेत त्यांनी कुठेतरी जोडीचा नाच पाहिला होता. जिल्हा झाला म्हणजे वॉल्झही झाला पाहिजे, असा त्यांचा हिशोब. त्यांनी मला लिलावात घेतलं आणि माझ्यासोबत वीरण्णालाही आणलं. फरक एवढाच की माझी पावती झाली.

जिल्हा होऊन चार वर्षं झाली आणि पावसाने पाठ फिरवली. एक साल नाही, लागोपाठ. वीरण्णाच्या गल्लीतला हापसा कोरडा पडला. त्याची बायको कमलम्मा दम्याने बेजार, तिला दोन मैलांवरून पाणी आणणं होईना. क्लबच्या बोअरला मात्र जेमतेम पाणी होतं. तिथून रोज दोन घागरी न्यायची परवानगी वसंतरावांनी वीरण्णाला दिली होती. सायकलच्या दोन्ही बाजूंना घागरी बांधून तो घरी जायचा, आणि वाटेत एक थेंब सांडला तरी त्याचा चेहरा उतरायचा.

तरीही दर शनिवारी क्लबात नाच व्हायचा. त्यासाठी टँकर यायचा. अर्ध्या टँकरने बाग भिजायची, अर्ध्याने नाचाची फरशी धुवायची आणि वाळल्यावर तिच्यावर बोरिक पावडर भुरभुरायची, म्हणजे बूट घसरतात. फाटकाबाहेर बायका रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या राहायच्या. मी आतून वाजत असायचो. मला लाज वाटली का? खरं सांगायचं तर नाही. नाच छान चालला होता.

तो टँकर पंचशीलाबाईंनी बंद केला.

पाणीवाटपाच्या कामावर नेमलेल्या या नव्या अधिकारी. शिरूर अनंतपाळकडच्या एका मजुराची लेक. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर कामावर खडी फोडलेली. रात्रशाळा, शिष्यवृत्ती, परीक्षा असं करत करत खुर्चीवर आलेली. त्यांनी यादी बघितली, क्लबचं नाव खोडलं आणि टँकर शिरूरकडे वळवला. त्या क्लब बघायला आल्या तेव्हा वसंतराव त्यांच्यासमोर हसले. “बरोबर केलंत बाई,” म्हणाले. आणि महिन्यानंतरच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. कार्यक्रम कसला? दुष्काळ निधीसाठी नृत्यसंध्या. पाहुणीने पहिल्या नाचाला फरशीवर उतरायचं, असा क्लबचा रिवाज होता.

त्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत तोच मागे क्लबातल्या बायकांमध्ये खसखस पिकली. “खडी फोडणारी आता वॉल्झ करणार म्हणे!” पंचशीलाबाईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लबात कुणी नसताना, त्या नवऱ्याला घेऊन वीरण्णापुढे उभ्या राहिल्या.

“अण्णा, आम्हाला शिकवा. आले न्हाई तर म्हणतील भिली. येऊन कोपऱ्यात बसले तर म्हणतील येतंय काय हिला.”

नवरा उद्धव, हायस्कुलात गणित शिकवायचा. लहानपणी पोलिओने डावा पाय वाळलेला, त्या बुटाला चार बोटं जाड तळ. आयुष्यभर हा माणूस वर्गात सगळ्यांच्या आधी जाऊन बसलेला, कुणी चालताना बघू नये म्हणून. तो दारातच थांबला होता.

“माझं राहू द्या अण्णा,” तो म्हणाला. “हिला कुणाबरबर तरी शिकवा. मी पडलो तर हिचं हसू होईल.”

वीरण्णा त्याच्या पायाकडे बघत राहिला. मग त्याने त्याला हॉलभर चालायला लावलं आणि मनातल्या मनात मात्रा मोजल्या. एका रेघेच्या सगळ्या रेकॉर्डी काढल्या, एकेक लावून पाहिली. सहावी लावली तेव्हा उद्धवचा जड बूट नेमका पहिल्या मात्रेवर पडला.

“हीच,” वीरण्णा म्हणाला. “सर, मी हितं हाय तोवर तुमचं पाऊल चुकनार न्हाई. शब्द देतो.”

महिनाभर दुपारी ते दोघं आले. मी ती एकच रेकॉर्ड घासून घासून वाजवली. पहिल्या आठवड्यात उद्धव खाली बघून नाचायचा. चौथ्या आठवड्यात तो बायकोच्या तोंडाकडे बघून नाचायला लागला. एकदा हसलाही. इतक्या वर्षांत माझ्या ठेक्यावर शेकडो जोड्या नाचल्या, पण मला अभिमान वाटला तो याच जोडीचा.

कार्यक्रमाच्या शनिवारी संध्याकाळी वसंतराव माझ्यापाशी आले. रेकॉर्डींची चळत चाळली आणि एक पाकीट वर काढलं.

“वीरण्णा, मला संगीतातलं काही कळत न्हाई. पण रेघा मोजता येतात.” पाकिटावर तीन रेघा होत्या. “पहिला वॉल्झ सगळ्यांचा. मग मी हॉल मोकळा करतो. मानाचा नाच म्हणून फक्त ती दोघं. तेव्हा ही लावायची.”

“मालक, सरांचा पाय...”

“पाय मला दिसतो. घागरी उद्यापासून न्यायच्या का न्हाई, ते तू बघ.”

एवढंच बोलून ते पाहुण्यांकडे गेले. वीरण्णा पाकीट हातात धरून उभा राहिला. पन्नास वर्षांच्या माणसाला दोन घागरींत तोलायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

पहिला वॉल्झ झाला. उद्धव आणि पंचशीलाबाई सगळ्यांबरोबर नाचले, एकही पाऊल चुकलं नाही. खसखस पिकवणाऱ्या बायका गप्प झाल्या होत्या. मग वसंतरावांनी टाळ्या वाजवून हॉल मोकळा करवला. दोघं एकटे मध्यभागी उभे राहिले. उद्धवने वीरण्णाकडे बघून मान हलवली, लावा म्हणून. त्याचा केवढा विश्वास होता!

वीरण्णाने तीन रेघांची रेकॉर्ड माझ्यावर ठेवली. सुई टेकवली.

मी वाजलो. मला नाही म्हणता येत नाही. दोघांनी पहिलं पाऊल टाकलं आणि ठेका त्यांच्या पुढे पळाला. उद्धवने त्याला गाठायचा प्रयत्न केला, जड बूट ओढत, दात आवळून. पंचशीलाबाई थांबायला बघत होत्या, पण लोक ठेक्यावर टाळ्या देत होते, जोरात, आणखी जोरात. चौथ्या गिरकीला तो बूट पावडरीवरून सरकला. उद्धव पडला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या आवाजात कुणाला ऐकू आला नाही. लोक हसले. वीरण्णाचा हात सुईपासून वीतभर होता. त्याने ती उचलली नाही. उद्धव आडवा पडलेला असताना मी वाजतच राहिलो.

शेवटी पंचशीलाबाई चालत आल्या. त्यांनी सुई धरून ओढली. रेकॉर्डभर चर्रकन ओरखडा उठला आणि हॉल गप्प झाला.

“अण्णा, किती रेघांची होती?” त्यांनी विचारलं.

“तीन,” वीरण्णा म्हणाला.

त्यांनी मान हलवली. दोघा शिपायांच्या मदतीने नवऱ्याला उचलून घेऊन गेल्या. वसंतराव खूश होते. जाताना म्हणाले, “वीरण्णा, आता तीन घागरी नेत जा.”

माझी सुई वाकली होती. ती सरळ करायला वीरण्णाने मला रेकॉर्डींसकट सायकलवर घरी नेलं. सोबत तिसरी घागरही होती. रविवार त्याने न जेवता काढला. सोमवारी सकाळी गल्लीत भोंगा वाजला. टँकर आला होता. कमलम्मा धापा टाकत, कळशी घेऊन पळाली. वीरण्णा दारात आला.

“चुकून आलास का रे?” त्याने ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर निवृत्तीने खिशातला कागद काढला. “चुकून कशाला? मागच्या सोमवारीच बाईंनी ही गल्ली यादीत घातली की. आजपासून रोज येनार हाय.”

मागच्या सोमवारी. म्हणजे शनिवारच्या पाच दिवस आधी. बाईंनी त्याला सांगितलं नव्हतं. कामाचं बोलायचं आणि उपकार दाखवायचे नाहीत, असा त्यांचा स्वभाव.

“बरं झालं बाई,” कमलम्मा भरलेली कळशी ठेवत म्हणाली. “आता त्या क्लबच्या पान्यासाठी कुनापुढं मान तुकवायला नको.”

वीरण्णा आत आला. त्याने तिसरी घागर ओढली, फडकं भिजवलं आणि सगळ्या पाकिटांवरच्या रेघा पुसल्या. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा, सगळ्या. मग मला क्लबात परत नेऊन ठेवलं आणि पुन्हा माझ्याकडे आला नाही. पुढे कुणीही कुठलीही रेकॉर्ड लावू लागलं, जोड्या आपटू लागल्या, मग टेपरेकॉर्डर आला आणि मी अडगळीत गेलो. पंचशीलाबाईंची बदली नायगावला झाली. उद्धव काठी घेऊन चालायला लागला, एवढं शिपायांच्या बोलण्यातून कळलं. तो पुन्हा कधी नाचला नाही.

मी वीरण्णाला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

तुमच्यापैकी कुणी हौशी माणूस उद्या मला घरी नेईल, नवी सुई बसवेल, पाहुणे बोलावेल. नाचा, माझी ना नाही. पण रेकॉर्ड लावण्याआधी फरशीवरच्या सगळ्यांत कच्च्या पावलाकडे बघा. आणि सुईपाशी ज्याचा हात आहे, त्याच्या घरी आज पाणी आलं का, तेवढं आधी विचारून घ्या.