बदकांच्या बेटावरचं अस्वल

जूनच्या शेवटच्या आठवड्यात गुनवोरची बोट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डच्या त्या ओसाड किनाऱ्याला लागली, तेव्हा म्हातारा ओद्मुंड झोपडीच्या दारातच उभा होता. 'आलीस का' म्हणाला नाही. नुसतं समोरच्या बेटाकडे बोट केलं.

बेटावर अस्वल होतं. हडकुळी मादी. बदकांच्या एका घरट्यात तोंड घालून सावकाश अंडी खात होती. बदकं चार हात लांब बसून बघत होती.

"कधीपासून?" गुनवोरने विचारलं.

"सकाळपासून. साठ घरटी गेली. पुढं मोजायचं सोडलं मी."

ओद्मुंड इथे सव्वीस वर्षं एकटा राहत होता. हिवाळ्यात कोल्ह्यांचे सापळे लावायचे आणि उन्हाळ्यात ही बदकं सांभाळायची. पिल्लं पाण्यात उतरली की रिकाम्या घरट्यांतली मऊ पिसं गोळा करायची, एवढाच त्याचा परवाना. पण तो वाहून आलेले ओंडके रचून घरट्यांना आडोसेही करून द्यायचा. गुनवोर सरकारी निसर्गनिरीक्षक. दर उन्हाळ्यात पक्षी मोजायला यायची, आणि मोजायचं कसं ते तिला त्यानेच शिकवलं होतं.

आता त्याच्या हातात जनावरांना नुसत्या आवाजाने पळवायचं फटाक्याचं पिस्तूल होतं.

"ओद्मुंड, नाही हं. ती काही तुमच्या अंगावर आलेली नाही. जीव धोक्यात नसताना अस्वलाला हुसकावणं गुन्हा आहे."

"मला शिकवतेस? तुझ्या कायद्यात बदकांचं काय लिहिलंय?"

"त्यांनाही त्रास द्यायचा नाही."

"मग ते जाऊन त्या बाईसाहेबांना सांग."

गुनवोरला हसू आवरलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "बर्फ लवकर फुटला यंदा. सील मिळत नाहीत तिला. उपाशी आहे."

"दिसतंय मला. आंधळा नाही मी."

दोघं झोपडीपुढच्या बाकावर बसून राहिली. तासाभराने अस्वल दक्षिणेच्या टोकाकडे वळलं. तिथे एका दगडाआड चौदा वर्षं एकच बदकीण घरटं करत आली होती. ओद्मुंड उठला. गुनवोरला त्याचा हात धरता आला असता. तिने धरला नाही.

दोन बार झाले. अस्वलाने मान वर केली, मग ते पाण्यात उतरलं आणि पोहत लांब गेलं.

ओद्मुंडने पिस्तूल बाकावर ठेवलं. "लिही."

"अहो, पण..."

"मी केलं, तू पाहिलंस. आज माझं लिहिलं नाहीस, तर उद्या फोटोसाठी अस्वलामागे बोट पळवणाऱ्या पाहुण्यांना कुठल्या तोंडानं अडवशील?"

तिने नोंदवहीत लिहिलं. त्याने चष्मा लावून वाचलं आणि चुकलेली वेळ दुरुस्त करून दिली.

दुसऱ्या दिवशी अस्वल बेटाच्या मागच्या बाजूने वर चढलं आणि उरलेली घरटीही संपवली. या वेळी दोघांपैकी कुणीच उठलं नाही. ओद्मुंड पाठ फिरवून मासे साफ करत बसला.

शरद ऋतूत गुनवोरच्या कार्यालयात ओद्मुंडच्या नावाचं पत्र आलं. पुढच्या वर्षाचा परवाना रद्द. ते टपालाने पाठवणं गुनवोरला बरं वाटेना, म्हणून ती स्वतः घेऊन गेली.

"बरोबर आहे," वाचून ओद्मुंड म्हणाला.

"मला फार वाईट वाटतंय."

"वाटायलाच हवं. नाही वाटलं, तर ही नोकरी सोड." मग तो सापळे आवरायला लागला. तिने न विचारता दुसरी पेटी भरायला घेतली.

हिवाळाभर गुनवोर कार्यालयात एकच गोष्ट धरून बसली. त्या बेटावरचा एकेक दगड ओळखणारा माणूस एकच आहे, मोजणीला तो हवा. साहेबांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा कंटाळून सही केली.

जूनमध्ये ओद्मुंड गावच्या धक्क्यावर तिच्या बोटीत चढला. तरंगण्याचं जाकीट पोटावर बसेना, म्हणून त्याने सरकारला दोन शिव्या हासडल्या.

"आवाज कमी करा," गुनवोर म्हणाली. "आता तुम्हीही सरकारच आहात."

"अरे देवा," ओद्मुंड म्हणाला आणि पुढच्या फळीवर जाऊन बसला.