डोकं धरणारी

वीस वर्षं ओटिलीए रोग्यांची डोकी धरत आली होती. तिचा नवरा, डॉक्टर वेसलिंग, म्हणजे मोतीबिंदू काढण्यात सगळ्या वेस्टफालियात पहिला. त्याच्याइतका झटपट हात कुणाचा नाही, असं लोक म्हणत. पण जागेपणी डोळ्यात सुरी शिरताना माणूस हलू नये म्हणून त्याचं डोकं गच्च धरून कोण उभं असायचं? ते कुणी म्हणत नसे. तिचं तिनंच म्हणायचं, मनातल्या मनात.

आणि आता हा हेनेके उपटला होता. नवा मदतनीस डॉक्टर, हायडेलबर्गहून येताना डोळा बधिर करणारे थेंब घेऊन आलेला. दोन थेंब टाकले की रोगी हूं की चूं करत नसे. परवा नवरा तिला म्हणाला, "तू बस आता. धरायची गरज नाही." ती बसली खरी, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या पोराच्या पिवळ्या मिशासुद्धा तिला डोळ्यांसमोर नकोशा झाल्या.

आज मेकिंगबाईंचा दुसरा डोळा करायचा होता. पहिला गेल्या वर्षी, थेंबांच्या आधी झालेला. सकाळीच ओटिलीए पाण्याचा जग घेऊन औषधांच्या कपाटाकडे गेली. थेंब ओतून द्यायचे आणि बाटलीत पाणी भरायचं, एवढंच काम. कपाटापाशी नवराच उभा होता, त्याच बाटलीचं बूच काढून.

त्यानं तिच्या हातातल्या जगाकडे पाहिलं. "तूसुद्धा?"

"तुमचं काय घोडं मारलंय त्यानं?"

"अगं, माझं नाव कशावर आहे? वेगावर. रोगी हलतच नसेल, तर उद्या कुणीही गप्पा मारत कापेल."

आपल्यासारखंच आणखी कुणी जळतंय, याचं तिला क्षणभर बरं वाटलं. मग मेकिंगबाईंची आठवण झाली.

"ओरडणं तुम्ही ऐकता," ती म्हणाली, "पण थरथर माझ्या तळहातांत उतरते. आणा ते बूच इकडे."

बाटली तिनं स्वतः हेनेकेच्या हातात दिली. नवऱ्यानं सावकाश डोळा केला. मेकिंगबाई जरासुद्धा हलल्या नाहीत.

हेनेके पट्टी बांधू लागला, तेव्हा त्यांनी चाचपडत ओटिलीएचा हात धरला.

"रागावू नका हं, डॉक्टरीणबाई. वर्षभर हा डोळा तसाच ठेवला मी. सुरीची भीती नव्हती हो. तुमच्या हातांची होती."

हेनेके हलक्या हातानं पट्टी गुंडाळत होता, आणि त्या हातांकडे ओटिलीएला बघवेना.