वाळल्यावरची छटा

रंगमास्तरांची नजर म्हणजे नजर होती. कापड रंगवायच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. दोन काळ्या तुकड्यांतला कुठला अधिक निळसर, हे ते लांबूनच सांगत, आणि कोणी वाद घातला तर त्याची खैर नसे. घरातही तोच खाक्या. भिंतींचा, पडद्यांचा रंग तेच ठरवत आणि बायको मान डोलावत असे.

मूलबाळ नव्हतं. दोघांचाही जीव ठोंब्यात अडकलेला. हा कुत्रा नावाप्रमाणेच जाडजूड आणि सुस्त. बाराव्या वर्षी तो मागच्या पायाने लंगडू लागला, ते मास्तरांना बघवेना. स्वतःच्या गुडघ्यासाठी ते घेत ती दुखण्यावरची गोळी अर्धी करून, पावाच्या तुकड्यातून ते त्याला रोज देऊ लागले. चार दिवसांत ठोंब्या जिना चढायला लागला. आपल्याला डॉक्टरकीही जमते, असं मास्तरांनी शेजारच्या शिंप्याला ऐकवलंसुद्धा.

दुसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, की ठोंब्याची शी काळी आणि चिकट होतेय, वास तर सहनच होत नाही. मास्तरांनी ते मनावर घेतलं, पण आपल्या पद्धतीने. कारखान्याचा नियम असा, की ओल्या कापडावर निकाल द्यायचा नाही, ओला रंग फसवतो. म्हणून त्यांनी शी पुठ्ठ्यावर घेऊन उन्हात वाळवली आणि जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन नीट पाहिली. तोवर चकाकी गेलेली, चिकटपणा गेलेला. गडद तपकिरी, असा त्यांनी निकाल दिला. रक्त असतं तर लाल दिसलं असतं, हेही वर सुनावलं. असे सहा दिवस, सहा पुठ्ठे. मधे बायकोने पुन्हा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "रंगातलं तू मला शिकवू नकोस."

सातव्या दिवशी ठोंब्या उठलाच नाही. बायकोला घरी ठेवून मास्तर एकटेच त्याला घेऊन धावले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. पांढऱ्याफटक. कुठलं औषध देत होतात, असं त्यांनी विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी समजावलं: माणसांची ती गोळी कुत्र्याच्या पोटात जखमा करते. तिथलं रक्त आतड्यांतून येता येता पचतं, म्हणून ते लाल दिसत नाही, डांबरासारखं काळं दिसतं. ते ताजं असतानाच ओळखायचं असतं, वाळवून नाही. रक्त चढवायची तयारी चालली होती, पण तेवढा वेळ ठोंब्याकडे नव्हता.

मास्तर चादरीत गुंडाळलेला ठोंब्या घेऊन घरी आले. त्यांनी बायकोपासून काही लपवलं नाही, गोळीचं नाही, वाळवण्याचंही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं, की हिने आपल्याला वाटेल तसं बोलावं, आपली पार लाज काढावी.

ती जमिनीवर बसली आणि चादरीवरून हात फिरवत राहिली.

"परवा तुम्ही कामावर गेल्यावर मी त्याला दवाखान्यात न्यायला निघाले होते," ती म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत गेलेही. मग परत फिरले. म्हटलं, रंगाच्या बाबतीत तुमच्यापुढे माझं हसंच होईल."