दाराबाहेरचे

गुरुवारच्या बैठकीत मी उभा राहिलो, मी दारुडा आहे असं खणखणीत आवाजात सांगितलं आणि तेव्हापासून थेंबालाही शिवलो नाही. हे वाक्य कृपया विसरा. असं काही घडलेलं नाही. मी तिथे गेलोच नव्हतो, आणि गेलो असेन तर पत्ता चुकून.

पत्ता ताईनं दिला होता. तिचं म्हणणं साधं होतं: तुझे हात बाबांसारखे थरथरायला लागलेत, बाबा जायचे तिथे तूही जा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, मीही तेच करतो, आणि थरथरत्या हातांनी लिफ्टचे ब्रेक बसवणं हा काही फक्त माझा खासगी प्रश्न राहत नाही, वर-खाली करणाऱ्यांचाही होतो. पण बाबा वर्षानुवर्षं दर गुरुवारी ‘बैठकीला’ जायचे आणि तरी लिव्हर खराब होऊन गेलेच. म्हणजे एकतर बैठक खोटी, नाहीतर बाबा. मला बैठक खोटी निघायला हवी होती. मग ताईला तोंडावर सांगता आलं असतं की याचा उपयोग होत नाही, आणि मी शेवटपर्यंत निवांत प्यायला मोकळा.

असल्या बैठकीची कुणी पाटी लावत नाही. दातांच्या दवाखान्यामागच्या इमारतीत पहिलं उघडं दार दिसलं तिथे मी शिरलो. लोक गोल करून बसले होते, चेहरे पडलेले, आणि एक गृहस्थ रडवेल्या आवाजात सांगत होते की काही केल्या थांबतच नाही. मी सहानुभूतीनं मान हलवत राहिलो. थांबत नव्हती ती गच्चीची गळती. ती सोसायटीची सभा आहे हे मला कळेपर्यंत त्यांनी मला एकमतानं पार्किंग उपसमितीवर घेतलं. मी अजूनही तिथे आहे. माझ्याकडे गाडी नाही.

खरी खोली तळमजल्यावर, पॅसेजच्या टोकाला होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक मिचमिचती ट्यूब, चहाची किटली. बैठक चालवणारे भूगोलाचे निवृत्त मास्तर होते. माझ्या शेजारी एक बेकरीवाल्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातात कप दिला आणि मी तो अर्धा सांडला तेव्हा दुसरीकडे बघितलं. कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. इथे विचारायचं नाही, जो आपणहून सांगेल त्याचं ऐकायचं, असा नियम होता.

मास्तर सांगत होते की फळ्यावरच्या नकाशात त्यांना जगातला कुठलाही देश डोळे मिटून दाखवता यायचा, फक्त स्वतःचं घर सापडायचं नाही. लोक हसले. मग मधेच त्यांनी आवाज एकदम चढवला, मागच्या बाकासाठी चढवतात तसा. मी मावशींना हळूच विचारलं, यांना कमी ऐकू येतं का.

“नाही रे. बाहेरचे आलेत.”

दाराखालच्या फटीत पॅसेजमधला उजेड होता आणि त्या उजेडात दोन पावलांची सावली.

मावशींनी कानात सांगितलं ते असं. हे गृहस्थ कित्येक वर्षं येतात, दाराबाहेर उभे राहतात आणि बैठक संपायच्या आत निघून जातात. कुणी दार उघडत नाही. ओढून आणलेला माणूस टिकत नाही, त्यांचं ते येऊ देत, असं सगळ्यांचं ठरलंय. फक्त ते असेपर्यंत जरा मोठ्यानं बोलायचं.

“चेहरा कुणी बघितला नाही. चौकटीवर टेस्टरसारखं काहीतरी वाजवत असतात. वायरमन असतील.”

टक. टक-टक. विचारात पडले की बाबा असंच वाजवायचे. आमच्या जेवणाच्या टेबलाला त्याचे खड्डे आहेत. बाबांचा टेस्टर माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी चाचपून पाहिलं. होता.

मी विचारलं, गेल्या गुरुवारी आले होते का.

“न चुकता येतात,” मावशी म्हणाल्या. “गेल्या हिवाळ्यात तेवढे मधे काही दिवस नव्हते. मग परत सुरू.”

बाबा गेल्या हिवाळ्यात वारले. हॉस्पिटलमधून त्यांना मीच आणलं, त्यामुळे या बाबतीत माझी माहिती पक्की आहे.

मास्तरांनी विचारलं, नवीन कुणाला काही बोलायचंय का. मला सांगायचं होतं की तुमची बैठक कुचकामी आहे आणि पुरावा बाहेर उभा आहे. पण पुरावा कधी आत आलाच नव्हता. बैठक खोटी नव्हती. बाबाही खोटं बोलले नव्हते, जातो म्हणायचे तिथे ते जातच होते. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली अडकते, तसे अडकले होते. ताईला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. मी उठलो आणि जे मी कधी बोललोच नाही ते सुरुवातीचं वाक्य पुटपुटलो.

“मोठ्यानं,” मास्तर म्हणाले. “दार जाड आहे.”

मी मोठ्यानं बोललो. मग हेही सांगितलं की बाहेरचे माझे वडील आहेत, आणि ते आता नाहीत. टकटक थांबली होती. सावली होती तिथेच होती.

“आपण दार उघडायला हवं होतं,” मास्तर म्हणाले.

मावशींनी पदर तोंडाला लावला. तरी कुणी उठलं नाही. मीही नाही. उघडलं असतं तर तिथे कुणी नसतं, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मास्तरांनी पुढच्या माणसाला खूण केली आणि तो घसा ताणून बोलू लागला.

सबब, संबंधित खात्यास, ते जे कुठलं असेल त्यास, नम्र विनंती की, माझ्या वडिलांनी दाराबाहेर उभे राहून ऐकलेल्या सर्व बैठका त्यांनी आत बसून ऐकल्या असे ग्राह्य धरण्यात यावे, त्यांचा मृत्यू पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावा, आणि तसे त्यांना दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कळवण्यात यावे.