कोनाड्यातला पहिला पाव

मी भट्टीचं फावडं बोलतोय. महाडच्या एका गल्लीत लाकडाच्या भट्टीची बेकरी आहे, तिथला मी. माझा दांडा पुरुषभर उंचीहूनही लांब, पुढे रुंद पातं. तुडीलच्या ज्या सुताराने मला घडवलं तो एरवी होड्यांची वल्ही करायचा, त्यामुळे नवखं गिऱ्हाईक अजून विचारतं, "बेकरीत वल्हं कशाला?" मी आगीत शिरतो आणि पाव घेऊन बाहेर येतो, एवढंच माझं काम.

बेकरीची मालकीण शमसुन्निसा. पीठ मळतो भिकू, वरंधचा, तिच्या नवऱ्याच्या काळापासूनचा. भट्टी सांभाळतो मुराद, तिच्या बहिणीचा मुलगा. पीठ भिकूचं, आग मुरादची, आणि दोघांच्या मधे मी.

आमच्याकडे एक नेम आहे. भट्टीतला पहिला पाव माझ्या टोकावर येतो. तो दोघांनी अर्धा अर्धा चाखायचा, मगच बाकीचे काढायचे. रमजानात मुराद चाखत नाही. रोजा असलेल्या माणसासमोर खायला भिकूलाही आवडत नाही. म्हणून मुराद तो पाव कागदात गुंडाळून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतो. भिकू तो गुपचूप उचलून मागच्या दारी चहाबरोबर खातो. बिघडला असेल तर ओरडत येतो. कोनाडा रिकामा आणि भिकू गप्प, म्हणजे पाव चांगला.

गेल्या वर्षीच्या रमजानात असाच एक दिवस आला. त्या संध्याकाळी वरंधला भिकूच्या भाचीचा, सेजलचा साखरपुडा होता आणि पाव आमच्याच भट्टीतले जायचे होते. मुरादने पहिला पाव कोनाड्यात ठेवला. थोड्या वेळाने कोनाडा रिकामा दिसला. त्याने मला आत सारलं आणि सगळे पाव काढले.

त्यात मीठ नव्हतं.

साखरपुड्यात पाहुणे हसले. "भिकूच्या हाताची चव गेली रे," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी भर दुकानात जुंपली. नको ते शब्द गेले. त्यानंतर दोघं बोलेनासे झाले. पीठ तयार झालं की भिकू टेबलावर हात आपटायचा. मुराद उत्तरादाखल माझा दांडा फरशीवर आपटायचा. ईद होऊन गेली तरी तेच. माझ्या दांड्याला चीर गेली ती तेव्हाच.

शेवटी शमसुन्निसाने सांगून टाकलं, "असं चालायचं नाय. बोलत नसाल तर एकानेच राहायचं." कोण राहणार हे उघड होतं, मुराद तिच्या घरचा. भिकूने मुंबईला मुलाकडे, अक्षयकडे जायची पिशवी भरली. त्याला जायचं नव्हतं. पिशवी तो रोज आणायचा आणि रोज परत न्यायचा.

मग अनुपमा आली. नाते गावची मुलगी, दूरच्या शहरात शिकून परतलेली. कामाच्या जागची भांडणं माणसांना समोरासमोर बसवून, बोलतं करून सोडवायला ती मदत करते. शमसुन्निसाने तिला हाक मारली, तेव्हा तिने पहिली अट घातली, "चाची, तुम्ही बाहेर थांबायचं. आत काय बोलणं झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही."

दोघांना तिने मैद्याच्या पोत्यांवर समोरासमोर बसवलं. "मी निवाडा करायला आले नाही. एकाने बोलायचं. दुसऱ्याने ऐकलेलं जसंच्या तसं परत सांगायचं, आणि मगच स्वतःचं."

"शाळा हाय काय गो?" भिकू म्हणाला. "पाढे पण घेशील."

"घेईन की. तुम्हीच सुरू करा काका."

भिकू हातावरचं पीठ खरवडू लागला. "मीठ राहिलं माझ्या हातून. ते मी कधी नाय म्हणलं? पण चाखायचा नेम कशाला हाय? भाचीच्या मांडवात माझी शोभा झाली. आणि वर हा चार गिऱ्हाईकांदेखत बोलला, म्हाताऱ्याचं डोकं चालत नाय."

मुरादने सगळं परत सांगितलं. शेवटच्या वाक्याशी अडकला. मला त्याने घट्ट धरलं. "डोकं चालत नाय... असं मी बोललो," तो हळूच म्हणाला.

मग त्याची पाळी. "काका, तू म्हणलास, रोजाचं निमित्त करून काम टाळतो. घोटभर पाणी न पिता मी या आगीसमोर उभा असतो. तू बघतोस ना रोज?"

भिकूलाही ते स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं.

"त्या दिवशी पाव तुम्ही का नाही चाखलात?" अनुपमाने विचारलं.

"उपास होता. सेजलचं जमावं म्हणून नवस बोललेला."

"मंग सांगायचं ना!" मुराद उसळला.

"फिटेपर्यंत नवस बोलून दाखवत नायत रे. कोनाडा रिकामा दिसला. म्हणलं, मी चहाला गेलो नाय हे तुला कळलं असंल, पाव न्यायला आलेल्या टेम्पोवाल्या चांगूला चाखवला असशील."

"आणि मला वाटलं, तूच उचललास."

दोघांनी कोनाड्याकडे पाहिलं. "मंग खाल्ला कुणी?"

मला माहीत होतं. शेजारचं पांढरं मांजर. कागदासकट नेलेला मी पाहिला होता. पण मला विचारतो कोण?

"ते शोधायचं आहे," अनुपमा म्हणाली, "की उद्या भट्टी कशी चालवायची ते ठरवायचं आहे?"

ठरवलं त्या दोघांनीच. उपास असला तर कारण सांगायचं नाही, फक्त "आज मी नाय" एवढं म्हणायचं. आणि जे चार लोकांदेखत बोललो, ते परत घ्यायचं तेही चार लोकांदेखत. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी असताना मुराद म्हणाला, "भिकूकाकाच्या हातासारखं पीठ महाडात कुणी मळत नाय." भिकू आतून ओरडला, "आणि याच्यासारखी आग कोण झेलंल रे?" पिशवी त्याने पिठाच्या मापांसाठी खुंटीला टांगली. ती अजून तिथेच आहे.

माझं पातं आता जळून अर्धं काळं झालंय. चिरेवर भिकूने तार गुंडाळली आहे. यंदा रमजानात एकदा दोघंही "आज मी नाय" म्हणाले, आणि एकमेकांकडे बघून हसत सुटले. मग मुरादने पहिला पाव माझ्या टोकावर ठेवला आणि मला खिडकीतून सरळ रस्त्यावर काढलं.

तर सकाळी आमच्या गल्लीतून जाताना एखादं लांबलचक वल्हं पाव घेऊन तुमच्यासमोर आलं, तर दचकू नका. तुकडा मोडा, चाखा, आणि मीठ आहे की नाही ते आतल्या दोघांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगा.