सुभेदारांची दुरुस्ती

चूक ऐकून गप्प बसणं सयाजी सुभेदारांच्या कुंडलीतच नव्हतं. तोपखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं रंगरूटांना नकाशे शिकवले, त्याची ही खोड. पेन्शन घेऊन कोरेगावजवळच्या आपल्या गावी आले, तरी टीव्हीवर लढाईची बातमी लागली की बातम्या देणाऱ्या पोरीला दुरुस्त करत बसायचे. "अगं, ते गाव नदीच्या पल्याड हाय," असं ते टीव्हीला सांगत आणि त्यांची बायको बनुबाई चुलीपुढून म्हणे, "आवं, तिला ऐकू जात न्हाई."

अशा बोलघेवड्या माणसाच्या घरात एक कायदा मात्र कडक होता. फौजेतला माणूस कुठं आहे हे विचारायचं नाही, आणि कळलंच तर उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. गावात घरटी एक जण फौजेत, त्यामुळे हा कायदा सगळ्यांनाच पाठ. पारावर ऊसतोडीपासून सोयरिकीपर्यंत सगळ्याचा चोथा व्हायचा, एवढं सोडून.

मे महिन्यात सरहद्दीवर लढाईला तोंड लागलं. सुभेदारांचा मुलगा विश्वजीतही तोपखान्यातच होता, आणि त्याचं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. रजा रद्द झाली आणि पोरगा ओल्या हळदीनं गाडीत बसला. नवी सून संयोगिता हातातला मोबाइल खाली ठेवीना.

दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन आला. "पोचलो. बरा हाय. काळजी करू नगा." एवढंच. पण त्याच्या बोलण्यामागून एक मालगाडी गेली आणि मध्येच तिचा खडखडाट पोकळ झाला. म्हणजे पूल. लोखंडी, लांबलचक. त्याच्याही मागं गुरुद्वाऱ्याचा भोंगा. सुभेदारांनी त्याच मुलखात ऐन जवानी काढलेली. तिथं तोफा दडवायला जागा एकच होती. फोन ठेवेपर्यंत पोरगा कुठं आहे हे त्यांना नकाशावर बोट ठेवून सांगता आलं असतं. आणि सांगायला कुणी नव्हतं. एवढी हुशारी पोटात ठेवायची म्हणजे माणसाला अन्न गोड लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"जय हिंद, सुभेदार साहब. रेकॉर्ड ऑफिस से बोल रहा हूं."

आवाज अदबीचा, बोली थेट बराकीतली. इतक्या वर्षांत त्यांना असं साहेब कुणी म्हटलं नव्हतं. गावात ते सयाजीआबा, आणि रेशनच्या दुकानात तर नुसतंच 'आबा, लायनीत या'. त्या माणसानं तब्येत विचारली, पेन्शन विचारली, जवानांच्या घरच्यांची विचारपूस चालली आहे म्हणाला. मग सहज म्हणाला, "बेटा तो पुल के उस पार है ना?"

"अजी नहीं," सुभेदार म्हणाले. "उस पार कौन तोप रखेगा? पुल के इधर. ईंट-भट्ठे के पीछे."

"वाह साहब. उस्ताद आखिर उस्ताद होता है."

फोन बंद झाला. सुभेदार खुशीत भाकरी खाऊन उठले. हात धुताना त्यांच्या लक्षात आलं, की जवान कुठं आहे हे त्याची नोंद ठेवणारं फौजेचं रेकॉर्ड ऑफिस घरच्यांना कशाला विचारेल? त्यांचा हात तसाच नळाखाली राहिला.

बनुबाईनं दारातून सगळं ऐकलं होतं. "कुणाला सांगितलं तुमी?"

"ठाऊक न्हाई," नळ बंद करत सुभेदार म्हणाले.

"मग आदी फौजेत कळवा. आत्ताच्या आता."

"पोराची चौकशी लागंल. त्यानंच बापाला सांगितलं म्हणतील."

"लागू दे की. चौकशी जित्या माणसाची लागती."

सुभेदारांनी जुन्या पलटणीत फोन लावला. पलीकडच्या तरुण अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो रागावला असता तर बरं, असं सुभेदारांना वाटलं. तो एवढंच म्हणाला, "साहब, सुबह से आप चौथे हैं. अब वो फोन उठाइएगा मत." तोफा हलवणार का, हे विचारायची सोय नव्हती.

दिवस मावळला. विश्वजीतचा फोन लागत नव्हता. टीव्हीवर सरहद्दीकडचे जिल्हे ब्लॅकआउट करून अंधारात ठेवल्याची बातमी चालली होती, आणि त्या दिवशी सुभेदारांनी तिच्यात एक शब्दही दुरुस्त केला नाही. संयोगिता काही न विचारता सासऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. ते त्यांना सहन होईना, म्हणून ते ओट्यावर येऊन बसले. तेवढ्यात तोच नंबर वाजला.

"उचलू नगा," बनुबाई मागून म्हणाली. त्यांनी उचलला.

"साहब, भट्ठे पर तो अब कोई नहीं. किधर गए?"

सुभेदारांच्या छातीवरचा धोंडा उतरला. तोफा हलल्या होत्या. पोरगा वाचला होता. इथंच फोन ठेवायचा. पण आपण केलेली चूक आपणच निस्तरायची, या माणसाला असा चकवा द्यायचा की याद राखेल, हे त्यांच्या मनानं घेतलं.

"नदी का मोड है ना, उधर का बंजर. वहीं गए होंगे," ते सराईतपणे म्हणाले.

"मेहरबानी, साहब."

सुभेदार बायकोकडे वळले. कितीतरी वेळानं त्यांच्या तोंडावर रंग आला होता. "फसवला गड्याला. मोकळं रान हाय त्ये. चिटपाखरू न्हाई तिथं. पाडू दे काय पाडायचं त्ये."

"तुमी कवा बघितलं त्ये रान?"

"हवालदार व्हतो तवा. तीसेक वर्सं झाली असतील."

बनुबाई ओट्याच्या कडेला आली. मग म्हणाली, "आवं, आपून ऱ्हातोय हितं तरी तवा काय व्हतं? माळच व्हता की."

सुभेदारांनी समोर पाहिलं. माळभर घराघरांत दिवे लागले होते. शेजारच्या अंगणात कुणाची तरी लहान पोरं जेवायला बसली होती आणि त्यांची आई ताटं वाढत होती.

त्यांनी तो नंबर परत लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगू लागली. त्यांनी पुन्हा लावला, आणि ती पुन्हा तेच सांगू लागली, तरी ते लावतच राहिले.