उंबऱ्याअलीकडचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. हिंदी मुलखातल्या एका शहरात, घमापूरच्या बाजारामागील गल्लीत, मराठी ख्रिस्ती मंडळींचे एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या ओसरीवर, उंबऱ्याच्या अलीकडे, माझे सारे आयुष्य गेले.

मंडल्याच्या जंगलातील एकाच ओंडक्यातून सुताराने आम्हा सर्व भावंडांना घडविले. परंतु सभागृहाचे माप घेताना वेदीपुढची पायरी त्याच्या ध्यानातून सुटली होती. बाक मांडता मांडता जागा संपली आणि एक बाक उरला. तो मी. "राहू द्या बाहेर. कोणी ना कोणी बसेलच," असे त्या वेळचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणाले, आणि माझे स्थान ठरले.

कोणी ना कोणी खरोखरच बसत असे. जोडे काढणारे वृद्ध टेकत, रडते मूल घेऊन बाहेर आलेल्या माता विसावत. नाताळच्या आधी मला पॉलिश होई आणि येणारेजाणारे माझ्या लाकडाची वाखाणणी करीत. पुढे ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. माझ्यावर ओल्या छत्र्या आणि रिकामे डबे राहू लागले. पॉलिश केव्हा थांबले, ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

अशा दिवसांत चिंतामणी गुरुजी आले. ते संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्याच शहरातल्या राइट टाउनमध्ये मुलाच्या घरी राहत. पत्नी वसुधाबाई निवर्तल्यापासून त्यांच्याशी मराठीत बोलणारे घरात कोणी उरले नव्हते. मुलाचा संसार हिंदीत चाले. एका रविवारी त्यांची ऑटोरिक्षा आमच्या गल्लीत बंद पडली. ऑटोवाला यंत्राशी झटत असताना गुरुजी माझ्यावर टेकले. उघड्या दारातून शास्त्रपाठाचे संथ, शुद्ध मराठी शब्द बाहेर येत होते. ऑटो सुरू झाली, तरी गुरुजी उठले नाहीत.

त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. वहाणा काढून जोडीने ठेवीत आणि उपरणे सावरून, दाराकडे तोंड करून बसत.

शास्त्रपाठ वाचीत त्या बेबीताई. त्या वर्ध्याकडच्या, निवृत्त परिचारिका. बाहेर कोणी ऐकत आहे हे कळल्यापासून त्या किंचित दाराकडे वळून वाचू लागल्या. प्रार्थना संपली की ओसरीवर येत.

"गुरुजी, आमचे पास्टर येते उशिरा, तुम्ही पहिले. आता हजेरी तुमचीच लावतो."

"लावा, लावा. जन्मभर दुसऱ्यांची घेतली, एकदा आपली लागू द्या."

एके दिवशी ख्रिस्ताच्या एका प्रेषिताने तुरुंगातून इफिसच्या मंडळीस लिहिलेल्या पत्राचा पाठ होता. त्यात लिहिले होते, ईश्वराने युगानुयुगे आपल्या अंतःकरणात एक संकल्प गुप्त ठेवला होता. पूर्वीच्या पिढ्यांना तो कळविला नव्हता. ख्रिस्ताच्या ठायी तो आता सर्व लोकांसमोर प्रकट झाला, की जे दूरचे आणि परके मानले गेले, तेही त्याच घरचे आणि त्याच वारशाचे धनी आहेत. त्या दिवशी गुरुजींनी बेबीताईंना थांबविले.

"ताई, आमच्याकडे गुह्य असते ते गुरू शिष्याच्या कानात सांगतो. तुमचे हे प्रेषित तर चव्हाट्यावर सांगून राहिले!"

"मग लपवायचं काहून, गुरुजी? देवानं लय दिवस आपल्याजवळ ठेवलं. वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना जी. तसंच लिहून आहे."

गुरुजींनी दाराकडे पाहिले. "अच्छा," एवढेच ते म्हणाले.

त्यांना आत जायचे होते. मित्रांनो, माणसाचे शरीर ज्या दिशेला झुकते, ते बाकाला सर्वांआधी कळते. दार वाजले की ते पुढे सरकत आणि कोणी नुसतेच बाहेर आले, की पुन्हा मागे टेकत.

वैशाखात, त्यांना दर रविवारी आणणाऱ्या त्याच ऑटोवाल्याने विचारले, "बाबूजी, अंदर पंखा चल रहा है, आप यहाँ काहे तप रहे हो?"

"न्योता नहीं आया, भैया. किसी के देवघर में बिना बुलाए पाँव नहीं रखते."

"तो माँग लो न्योता!"

"माँगा हुआ न्योता क्या न्योता होता है?" गुरुजी हसले. इतक्यात मुलाचा फोन आला. तो हिंदीत विचारीत होता, गुरुजी मराठीत उत्तर देत होते. "हो रे अमेय, आतच आहे. पंख्याखाली. छान जागा ठेवली आहे त्यांनी माझ्यासाठी." असे बोलत त्यांनी उपरण्याने घाम पुसला.

एकदा, गुरुजी घरी गेल्यावर, माझ्याच शेजारी उभ्या राहून बेबीताई पाळक योगेंद्र यांना म्हणत होत्या, "बोलवू का गुरुजींना आत?"

"मलाही वाटतं, ताई. पण दिवस कसे आहेत, पाहता ना? उद्या कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाला धर्मांतरासाठी ओढून नेलं. आपल्याला त्रास होईल, तसा त्यांच्या मुलालाही होईल. त्यांना बाहेरच बरं वाटत असेल. आपणहून आले, तर दार उघडं आहे."

"दार उघडं आहे जी. तोंडं बंद आहेत ना आपली."

तरीही त्यांनी गुरुजींना बोलावले नाही. पाळकांचे भय खोटे नव्हते आणि गुरुजींचे वळणही वाईट नव्हते. एकाचा आदर दुसऱ्याला अंतर वाटत होता, आणि दोघांच्या मधोमध मी मुका उभा होतो.

जानेवारीत प्रकटीकरणाचा सण आला. दूरदेशीच्या ज्ञानी पुरुषांना तारकेच्या मागे येत बाळ येशूचे दर्शन घडले, तो हा दिवस. त्या दिवशी इफिसच्या पत्राचा तोच पाठ असतो. गार वारा सुटला होता. आत कोणी वृद्धा खोकू लागली, म्हणून एकाने उठून दार लोटून घेतले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. बेबीताईंचा स्वर लाकडापलीकडे विरून गेला. गुरुजींनी काही वेळ कान देऊन पाहिले. मग त्यांनी वहाणा घातल्या, माझ्या फळीवरून एकदा हात फिरविला आणि ते निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी ऑटोवाला एकटाच आला आणि त्याने त्यांच्या निधनाची वार्ता सांगितली. न्यूमोनिया झाला होता. बेबीताई उंबऱ्यावरच खाली बसल्या.

काही दिवसांनी गुरुजींची नात अवंतिका स्कूटीवरून आली. अडखळत मराठी बोलत होती.

"आजी, आजोबा खूप सांगायचे तुमच्याबद्दल. त्यांची जागा... ते अंदर कुठे बसायचे? मला फक्त बघायची आहे."

 बेबीताईंनी माझ्याकडे बोट दाखविले.

"इथे? बाहर?"

"हो बेटा."

"पण ते तर म्हणायचे, पंख्याखाली..." तिने वर पाहिले. ओसरीला पंखा नव्हता. ती हळूच माझ्यावर बसली.

"आत चल बेटा, आत ये," बेबीताईंनी तिचा हात धरला. 

"नको आजी," ती सौम्यपणे म्हणाली. "मी इथेच बसते."

मित्रांनो, ज्या संकल्पाची वार्ता मी इतकी वर्षे ऐकली, तो प्रभूने कोणापासूनही लपवून ठेवला नाही. तो एकमेकांना सांगण्याचे काम मात्र त्याने माणसांवर सोपविले आहे. आम्हा बाकांना वाचा नाही, तुम्हाला आहे. तुमच्या दाराशी कोणी पुष्कळ दिवस बसलेले दिसले, तर त्याच्या मनात काय असेल याचा तर्क करीत राहू नका. उठून त्याला "आत या" म्हणा. यायचे की नाही, ते त्याला ठरवू द्या.